ताटाशेजारचा मोबाइल : खाण्याच्या विकारांवरील उपचारांत ‘अॅप’ची जागा

मानसोपचारतज्ज्ञाची भेट आठवड्यातून एकदा होते आणि तीही फार तर तासाभराची. जेवणाची वेळ मात्र दिवसातून तीन-चारदा येते. खाण्याच्या विकाराने ग्रासलेल्या रुग्णाची खरी कसोटी लागते ती भरल्या ताटासमोर, आणि नेमका त्या वेळी उपचार करणारा जवळ नसतो. आठवड्याचे १६८ तास आणि त्यातला उपचारांचा एक तास, यांमधली ही दरी भरून काढण्यासाठी गेल्या दीड दशकात मोबाइलवरील ‘अॅप’चा वापर होऊ लागला. अमेरिका, जर्मनी, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया या देशांत त्यावर पद्धतशीर संशोधनही झाले आहे. अशी अॅप आज कोणालाही, कोणाच्याही सल्ल्याशिवाय मोबाइलवर घेता येतात. त्यामुळे त्यांचा उपयोग कशात आहे आणि धोका कोठे सुरू होतो, हे रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी समजून घेतलेले बरे.

नखरे नव्हेत, आजार

‘जेवणाचे नखरे’, ‘वयच तसे आहे’, ‘बारीक व्हायचे खूळ’ अशा शब्दांत घरोघरी ज्याची बोळवण केली जाते, तो बहुधा गंभीर आजार असू शकतो. या विकारांचे तीन प्रमुख प्रकार मानले जातात. वजन धोकादायक पातळीपर्यंत घसरूनही अन्न टाळत राहणे म्हणजे ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’. लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे अर्नेस्ट-शार्ल लासेग या दोन वैद्यांनी १८७३ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. अनावर खाणे आणि नंतर ते उलटी, रेचके किंवा अतिव्यायाम यांद्वारे ‘फेडणे’ या चक्राला ‘बुलिमिया नर्व्होसा’ हे नाव लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये दिले. तिसरा प्रकार ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ म्हणजे फेडण्याच्या प्रयत्नाविना होणाऱ्या अनावर खाण्याचा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्येच त्याकडे लक्ष वेधले होते. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान मिळण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

अॅनोरेक्सियाच्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण समवयस्कांच्या तुलनेत पाच ते सहा पट असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात दिसून आले. त्यांतील पाचातील सुमारे एक मृत्यू आत्महत्येमुळे होता. अमेरिकी गायिका कॅरन कार्पेंटर हिचा १९८३ मध्ये वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी झालेला मृत्यू याच आजाराच्या परिणामी हृदय बंद पडून झाला. तोवर सर्वसामान्यांना या आजाराचे नावही ठाऊक नव्हते. बुलिमियाचा रुग्ण तर वरवर पाहता ठणठणीत दिसतो. ब्रिटनची युवराज्ञी डायना हिने १९९५ मध्ये ‘बीबीसी’ला दिलेल्या मुलाखतीत आपण अनेक वर्षे बुलिमियाशी झुंजत असल्याचे सांगितले, तेव्हा रोज छायाचित्रांत दिसणाऱ्या व्यक्तीचा आजारही कसा दडून राहतो हे जगासमोर आले. हे विकार मुलींमध्ये अधिक आढळत असले तरी मुलगे त्यातून सुटलेले नाहीत. व्यायामशाळेतील ‘कटिंग’च्या नावाखाली ते सहज झाकले जातात, एवढेच.

उपचारांचे तर्कशास्त्र समजण्यासाठी येथे एका जुन्या प्रयोगाचा उल्लेख आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धात सापडलेल्या उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे त्यांना शोधायचे होते. या तरुणांना आधी खाण्याचा कोणताही विकार नव्हता. तरीही काही महिन्यांत त्यांच्या मनात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटातला घास तासन्‌तास चिवडत बसू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. बंधन उठल्यानंतर काहींचे खाणे अनावर झाले. आपण ज्याला आजारी मनाची लक्षणे समजतो त्यातली बरीचशी उपासमारीचीच लक्षणे असतात, हे या प्रयोगाने दाखवले. म्हणून आधुनिक उपचारांची पहिली पायरी मनाच्या तळाशी जाण्याची नसून वेळच्या वेळी खाण्याची आहे. आणि मोबाइलचा संबंध येतो तो याच पायरीशी.

वहीतले रकाने

बुलिमिया आणि अनावर खाणे यांवर सर्वाधिक पुरावा असलेली उपचारपद्धती म्हणजे ‘कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी’, अर्थात विचार आणि वर्तन यांची सांगड तपासणारी पद्धती. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. ही तिचीच सख्खी बहीण म्हणता येईल. खाण्याच्या विकारांसाठी तिला आजचे रूप दिले ते ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी. १९८१ मध्ये त्यांनी बुलिमियावरील आपला पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे विकसित झालेल्या पद्धतीत साधारणपणे २० आठवड्यांत २० भेटी होतात. वजन फार कमी असल्यास भेटींची संख्या ४०पर्यंत जाते.

या उपचारांचा कणा म्हणजे एक साधी वही. रुग्णाने दिवसभरात जे खाल्ले-प्यायले ते त्याच क्षणी लिहायचे. किती वाजता, कोठे, काय, हे अतिखाणे वाटले का, नंतर उलटी केली वा रेचक घेतले का, आणि त्या वेळी आजूबाजूला व मनात काय चालले होते, एवढेच रकाने. उष्मांकांचा, म्हणजे कॅलरींचा, रकाना त्यात नसतो आणि तो जाणीवपूर्वक ठेवलेला नाही. तीन जेवणे आणि मधली दोन-तीन खाणी ठरलेल्या वेळी व्हावीत आणि दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांहून अधिक अंतर पडू नये, हे सुरुवातीचे उद्दिष्ट असते. वजन रोज करायचे नसते. ते आठवड्यातून एकदा, उपचार करणाऱ्याच्या समोर करायचे असते. हळूहळू वहीतून आजाराची लय दिसू लागते. दुपारचे जेवण टाळले त्या दिवशी रात्री तोल गेला, आईशी भांडण झाले त्या दिवशी तोल गेला, असे. ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही’ या समजुतीला पहिला तडा जातो तो आपल्याच हस्ताक्षरातील या नोंदींमुळे.

अडचण अशी की, वही त्याच क्षणी भरली जात नाही. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग या संदर्भात मोठा मासलेवाईक आहे. तो दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांवर होता. कागदी वही केव्हा उघडली जाते हे टिपणारा प्रकाशसंवेदक त्यांच्या नकळत वहीत बसवण्यात आला होता. रुग्णांच्या म्हणण्यानुसार ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. संवेदकानुसार हे प्रमाण होते ११ टक्के. बाकीच्या नोंदी मागाहून, कित्येकदा डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या घटकेला भरलेल्या. हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नोंद करणाऱ्या दुसऱ्या गटात वेळेवर नोंदींचे प्रमाण ९४ टक्के निघाले. शाळेतला गृहपाठ आठवणाऱ्या कोणालाही यात नवल वाटू नये. पण खाण्याच्या विकारात लाज आणि लपवाछपवी यांचे थर आधीच असतात. चारचौघांत खाताना वही काढून लिहिणे म्हणजे आजाराचा पुकारा करणे होय. मोबाइलवर बोटे चालवणाऱ्याकडे आज कोणी वळूनही पाहत नाही.

‘एसएमएस’पासून अॅपपर्यंत

मोबाइलचा हा उपयोग स्मार्टफोनच्या आधीपासूनचा आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील स्टेफनी बाउअर आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांसाठी लघुसंदेशांची योजना आखली. रुग्णाने आठवड्यातून एकदा आपली स्थिती ‘एसएमएस’ने कळवायची आणि तिला अनुरूप उत्तर परत यायचे. १६५ महिला रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालय सोडल्यानंतर आठ महिन्यांनी संदेश मिळणाऱ्या गटातील सुमारे ५१ टक्के रुग्ण विकारमुक्त स्थितीत होत्या, तर संदेश न मिळणाऱ्या गटातील ३६ टक्के. संदेश पाठवण्यास येणारा खर्च आणि हा फरक यांची तुलना केली तर प्रयोगाचे महत्त्व ध्यानात येते.

स्मार्टफोन आल्यावर वहीच मोबाइलमध्ये उतरली. या प्रकारातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले अॅप म्हणजे ‘रिकव्हरी रेकॉर्ड’. मानसशास्त्राच्या अभ्यासक जेना ट्रेगार्थेन यांच्या पुढाकाराने ते तयार झाले. त्यांनी स्टॅनफर्डच्या संशोधकांसह २०१५ मध्ये लिहिलेल्या निबंधानुसार पहिल्या दोन वर्षांतच एक लाखाहून अधिक लोकांनी ते वापरले. त्याची रचना फेअरबर्न यांच्या वहीसारखीच आहे. जेवणाची वेळ झाली की आठवण येते, काय खाल्ले, कोणाबरोबर, मनात कोणत्या भावना होत्या, उलटीची वा उपाशी राहण्याची ऊर्मी किती तीव्र होती, हे नोंदवता येते. कॅलरींची मोजदाद येथेही नाही. ऊर्मी अनावर झाली तर आधी ठरवून ठेवलेले उपाय समोर येतात. मैत्रिणीला फोन करणे, खोलीबाहेर पडणे, पंधरा मिनिटे थांबणे असे ते साधे असतात. मात्र कागदी वहीपेक्षा मोठा फरक आहे तो पुढेच. रुग्णाची संमती असेल तर या नोंदी उपचार करणाऱ्याला त्याच्या स्वतंत्र पडद्यावर पाहता येतात आणि दोन भेटींच्या मधल्या काळात तो दोन ओळी लिहू शकतो. मंगळवारी रात्रीचे जेवण टळले हे पुढच्या सोमवारी कळण्याऐवजी बुधवारी सकाळी कळते.

चाचण्यांचा कौल

हे सारे कितपत गुणकारी आहे? अमेरिकेत ‘कैसर पर्मनेंटे’ या आरोग्यसेवा संस्थेच्या २२५ सदस्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला नोंदींचे अॅप आणि दूरध्वनीवरून प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या आठ भेटी देण्यात आल्या, तर दुसऱ्या गटाचे नेहमीचे उपचार सुरू राहिले. वर्षअखेर पहिल्या गटातील निम्म्याहून अधिक आणि दुसऱ्यातील सुमारे ३० टक्के लोकांचे अनावर खाणे थांबलेले होते. आकडे आकर्षक आहेत, पण त्यातून अॅपचे श्रेय किती आणि मार्गदर्शकाच्या आवाजाचे किती, हे कळत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई येथील त्याच संशोधकांच्या आधीच्या, २०१७च्या लहान चाचणीत दोन्ही गटांना मार्गदर्शक होता आणि अॅप केवळ एकाच गटाला दिलेले होते. उपचार सुरू असताना अॅप असणाऱ्यांच्या जेवणाच्या वेळा अधिक नियमित राहिल्या. पुढील पाठपुराव्यात मात्र दोन गटांतील अंतर टिकले नाही.

अॅनोरेक्सियाबाबत तर आणखी सावध राहावे लागते. जर्मनीत रुग्णालयातून घरी गेलेल्या ४० रुग्णांना आठ आठवडे उपचारकाच्या मार्गदर्शनासह ‘रिकव्हरी रेकॉर्ड’ देऊन पाहण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सुरुवातीला थोडाफार लाभ दिसला, सहा महिन्यांनी तो विरला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे बुलिमिया व अनावर खाण्याच्या प्रौढ रुग्णांसाठी आधी मार्गदर्शनासह स्वयंसाहाय्य सुचवतात. १६ आठवड्यांत वीस-वीस मिनिटांच्या चार ते नऊ छोट्या भेटी त्यात असतात. अॅनोरेक्सियासाठी मात्र ही वाट ती सुचवत नाहीत.

डेन्मार्कमधील संशोधकांनी आकड्यांऐवजी रुग्णांशी आणि उपचारकांशी बोलून जे टिपले, ते आकड्यांहून अधिक बोलके आहे. उपचारक नोंदी वाचतो, त्यावर काही लिहितो, भेटीत त्यांचा विषय काढतो, असे जेथे घडले तेथे रुग्णांना अॅप सोबत्यासारखे वाटले. जेथे नोंदी कोणी उघडूनही पाहिल्या नाहीत तेथे त्या लिहिण्याचा उत्साह मावळला. काहींना तर सतत अन्नाची नोंद ठेवल्याने आजार अधिकच डोक्यात राहतो, अशीही तक्रार होती. उपचारकांची चिंता वेगळी होती. रात्री अकरा वाजता आलेली नोंद वाचण्याची जबाबदारी कोणाची? ही चिंता रास्त आहे. म्हणून नोंदी केव्हा पाहिल्या जातील आणि संकटसमयी अॅपवर न लिहिता कोणता क्रमांक फिरवायचा, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट ठरवून घेणे योग्य.

जर्मनीने २०१९ मध्ये कायदा करून काही आरोग्य-अॅप डॉक्टरांनी लिहून द्यावीत आणि त्यांचा खर्च आरोग्यविम्याने द्यावा अशी सोय केली. त्यासाठी अॅपला उपयुक्ततेचा पुरावा सादर करावा लागतो. अन्यत्र अॅपच्या दुकानात ‘आरोग्य’ या एकाच फळीवर परखलेली आणि न परखलेली अॅप शेजारी-शेजारी मांडलेली असतात. वापरणाऱ्यांनी दिलेले तारे हा काही उपचाराचा पुरावा नव्हे.

तीच नोंद, उलटा परिणाम

याच फळीवर वजन कमी करण्याची, कॅलरी मोजण्याची अॅपही असतात. वरकरणी तीही ‘काय खाल्ले’ हेच विचारतात. अमेरिकेतील लुइव्हिल विद्यापीठाच्या चेरी लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये खाण्याच्या विकाराचे निदान झालेल्या १०५ जणांना ‘मायफिटनेसपॅल’ या लोकप्रिय कॅलरीमापक अॅपविषयी विचारले. सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ते वापरलेले होते आणि त्यांपैकी ७३ टक्के जणांना त्याचा आपल्या आजाराला हातभार लागला असे वाटत होते. यावरून अॅपमुळे आजार होतो असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. धोका कमी असलेल्या महाविद्यालयीन तरुणींना महिनाभर तेच अॅप देऊन पाहिलेल्या दुसऱ्या एका चाचणीत विकाराची लक्षणे वाढल्याचे आढळले नाही. पण ज्याच्या मनात आधीच आकड्यांनी घर केले आहे, त्याच्या हाती आकड्यांचे यंत्र देणे म्हणजे आगीजवळ रॉकेलचा डबा ठेवणे होय. कॅलरीमापक अॅप मर्यादा ओलांडली की लाल आकडा दाखवते, कमी खाल्ले की शाबासकी देते. उपचारांतील नोंदींचे काम याच्या नेमके उलट आहे. तेथे वेळेवर आणि पुरेसे खाल्ले की शाबासकी आणि जेवण टाळले की विचारणा.

ही सीमारेषा किती सहज पुसली जाते, याचे उदाहरण २०२३ मध्ये अमेरिकेत घडले. तेथील ‘नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन’ ही संस्था दोन दशकांहून अधिक काळ रुग्णांसाठी दूरध्वनी मदतवाहिनी चालवीत होती. मदतवाहिनीवरील कर्मचाऱ्यांनी कामगार संघटना स्थापन करण्याचा कौल दिला, त्यानंतर लवकरच संस्थेने मदतवाहिनी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ‘टेसा’ हा संवाद साधणारा संगणकीय कार्यक्रम वापरण्यास उपलब्ध होताच. टेसा मुळात चुकीचा नव्हता. विद्यापीठांतील संशोधकांनी तो विकाराच्या प्रतिबंधासाठी बनवला होता, त्याची उत्तरे आधी लिहून ठेवलेली असत आणि त्याची रीतसर चाचणीही झाली होती. परंतु तो चालवणाऱ्या कंपनीने मध्यंतरी त्याला उत्तरे स्वतः रचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिली. मे २०२३च्या अखेरीस, स्वतः या विकारातून बाहेर पडलेल्या एका कार्यकर्तीने टेसाशी झालेला संवाद उघड केला. खाण्याच्या विकारासाठी मदत मागणाऱ्याला टेसा रोज किती कॅलरी कमी कराव्यात आणि आठवड्याला किती वजन उतरवावे, हे सांगत होता. (ते आकडे येथे देणे उचित नाही.) संस्थेने तत्काळ टेसा बंद केला. बदलाची आपल्याला कल्पना नव्हती, असे संस्थेचे म्हणणे. तो करारानुसारच होता, असे कंपनीचे.

सर्वसामान्य माणसाला आहाराविषयी जो सल्ला दिला जातो, तोच टेसाने दिला होता. पण तो ज्याला दिला जात होता तो सर्वसामान्य माणूस नव्हता, तर रुग्ण होता. अनुभवी समुपदेशकाला हा फरक पहिल्या दोन वाक्यांत जाणवतो. आज मोबाइलवर बोलणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला आहारतक्ता विचारणे ही नित्याची गोष्ट झाली असताना ही घटना विसरून चालणार नाही.

आपल्या ताटाचे प्रश्न

भारतात या विकारांकडे दीर्घकाळ ‘पाश्चात्त्यांचे आजार’ म्हणून पाहिले गेले. एक कारण असे की, येथील काही रुग्ण ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ असे म्हणतच नाहीत. पोट भरल्यासारखे वाटते, भूक लागत नाही, अन्न जात नाही, अशी त्यांची भाषा असते. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी १९९०च्या दशकात अशाच रुग्णांचे वर्णन केले होते. अशी मुलगी आधी पोटविकारतज्ज्ञाकडे जाते आणि तपासण्यांच्या फेऱ्यांत महिने निघून जातात. परदेशात बनलेल्या अॅपची प्रश्नावली शरीराच्या आकाराविषयीच्या भीतीभोवती रचलेली असेल, तर तिच्या उत्तरांतून आजार हाती लागेलच असे नाही.

दुसरा प्रश्न उपासाचा. संकष्टी, एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार यांतले काहीच अॅपला ठाऊक नसते. उपास करणे म्हणजे विकार नव्हे, हे सांगायला नकोच. मात्र उपासांची संख्या अचानक वाढली, उपास सुटायच्या दिवशीही तो सुटत नसेल, तर धार्मिकतेच्या आडोशाला आजार उभा नाही ना, हे पाहायला हवे. ही शंका घरातल्या माणसाला येऊ शकते, उपचारकाला येऊ शकते. अॅपच्या लेखी ते केवळ एक टळलेले जेवण असते. साबुदाण्याची खिचडी, अर्धी भाकरी, आईच्या ताटातला उचललेला घास यांची नोंद कशी करायची, हेही रुग्णाने उपचारकाबरोबर ठरवून घ्यावे. बहुतेक अॅपची भाषा इंग्रजी आहे. मनातली गोष्ट परक्या भाषेच्या ठरावीक पर्यायांत बसवताना तिचा बराचसा अर्थ गळून जातो.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत वेगळाच पेच आहे. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात विकसित झालेली कुटुंबाधारित पद्धती त्यांच्यासाठी प्रभावी मानली जाते. तिच्यात सुरुवातीला जेवणाची सूत्रे पूर्णपणे आईवडिलांच्या हाती असतात. काय, किती आणि केव्हा वाढायचे हे ते ठरवतात आणि मुलाजवळ बसून जेवण पूर्ण करवून घेतात. अशा वेळी मुलीच्या हातात खासगी अॅप देऊन ‘तुझे तू नोंदव’ म्हणणे उपचाराच्या मुळावर येऊ शकते. दुसरीकडे, मुलीच्या नकळत तिच्या मोबाइलमधील नोंदी वाचणारे पालक तिचा विश्वास गमावतात. नोंदी कोण पाहणार, हे मुलीसमोर आणि तिच्या माहितीने ठरायला हवे.

गोपनीयतेचा प्रश्न मुलांपुरता नाही. कोणी कधी खाल्ले, केव्हा उलटी केली, कोणत्या रात्री जीव नकोसा झाला, याहून खासगी माहिती ती कोणती? आणि जाहिरातदारांसाठी याहून मोलाची तरी कोणती? अमेरिकेच्या ‘फेडरल ट्रेड कमिशन’ने २०२३ मध्ये ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिल्याचा ठपका ठेवला आणि कंपनीने ७८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. तरीही अॅप घेताना माहिती कोठे साठते, ती पुसून टाकता येते का, आणि अॅप फुकट असेल तर त्याचा खर्च कोण भागवते, हे पाहावे. रुग्णाच्या पडद्यावर वजन घटवण्याच्या चूर्णाची जाहिरात झळकू लागली, तर ते अॅप काढून टाकलेले उत्तम.

आपल्याकडे एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. खाण्याच्या विकारांचा विशेष अनुभव असणारे त्याहून विरळ आणि तेही मोठ्या शहरांत. या टंचाईमुळेच ‘माणूस नाही तर निदान अॅप तरी’ हा युक्तिवाद मोहक वाटतो. वरील चाचण्या पाहता तो अर्धाच खरा आहे. अॅपने एका उपचारकाचा वेळ अधिक रुग्णांपर्यंत पोहोचू शकतो, अकोल्याच्या रुग्णाला पुण्याच्या उपचारकाशी दोन भेटींच्या मधल्या काळातही जोडून ठेवता येते. उपचारकच नसेल तर त्या नोंदी कोणासाठी, हा प्रश्न उरतो.

शिवाय काही गोष्टी अॅपला दिसूच शकत नाहीत. वारंवार उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते रक्ततपासणी आणि ‘ईसीजी’मध्येच कळते. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, पाळी थांबणे, हातपाय सतत गार पडणे, उलटीत रक्त दिसणे, वजन झपाट्याने उतरणे, जगण्यात अर्थ नसल्याचे बोलणे, यांपैकी काहीही दिसल्यास अॅप बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठावा. फार दिवस उपाशी राहिलेल्या व्यक्तीला घाबरून एकदम भरपूर खाऊ घालणेही घातक ठरू शकते. त्यामुळे रक्तातील फॉस्फरस वेगाने घटून जीवावर बेतू शकते, म्हणून आहार वैद्यकीय देखरेखीखालीच वाढवायचा असतो.

पहिले पाऊल म्हणून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर २४ तास विनामूल्य उपलब्ध आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ असे तिघे मिळून उपचार करत असतील तर उत्तम. आहारतज्ज्ञाला मात्र हा वजन घटवण्याचा सल्ला मागणारा रुग्ण नाही, हे आधीच सांगून ठेवावे. अॅप वापरायचे की नाही, कोणते आणि किती दिवस, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. इंग्रजी अॅप नकोसे वाटत असेल, तर शंभर पानी वहीत वर सांगितलेले रकाने मराठीत आखूनही उपचार सुरू करता येतात. ती वही प्रत्येक भेटीला बरोबर न्यायची, एवढे पाळले म्हणजे झाले.